जुवाची खाच आणि न ऐकणारा स्प्लाइन

लातूर जिल्ह्यातल्या देवणीचं नाव चार जिल्ह्यांपलीकडे गेलं ते गुरांमुळे. वानेरा, शेवरा आणि बालंक्या या तीन छटांची देवणी गुरं बघायला आणि घ्यायला लोक लांबून येतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण होते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, कारण वर्षभर जू तिथेच बसलेलं असतं, वशिंडाच्या पुढे, मानेच्या मुळाशी. जुवाची खाच नीट नसली की खांदा सुजतो, कातडं सोलतं आणि ऐन पेरणीत बैल बसतो. ही खाच सुतार वाकस आणि पटाशीने कोरतो. कोरताना मधूनमधून हात फिरवून बघतो. त्यात माप थोडं असतं, अंदाज फार.

हीच खाच संगणकावर काढायला घेतली की आपला आजचा विषय सुरू होतो. डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला गेलेली इथली मुलं प्रोजेक्टसाठी शेतीचं अवजार हमखास निवडतात, आणि त्यात सुधारित जू बऱ्याचदा असतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बैलांच्या ओढशक्तीवर आणि बैलचलित अवजारांवर संशोधन चालत आलं आहे, त्यामुळे विषयाला आधारही आहे. सरळ रेषा, वर्तुळं, भोकं इथपर्यंत काम झरझर होतं. खाचेपाशी आलं की मुलगा स्प्लाइनचं, म्हणजे गुळगुळीत वक्र रेषेचं, बटण दाबतो आणि तिथून पुढे संध्याकाळ जाते.

जरा जवळून बघू. समजा दोन बैलांच्या खाचांच्या मध्यांतलं अंतर ९०० मिलिमीटर आहे आणि खाच ४५ मिलिमीटर खोल हवी आहे. जू दोन्ही बाजूंना सारखं, म्हणून अर्धंच काढायचं आणि उरलेलं मिरर करायचं. पाच ठिकाणी क्लिक केलं: टोकाला एक, खाच सुरू होते तिथे एक, तळाला एक, खाच संपते तिथे एक आणि जुवाच्या मध्यावर एक. गुळगुळीत रेषा आली. तळाच्या बिंदूला ४५ चं डायमेन्शन दिलं, बाकीच्यांनाही आडवी-उभी मापं दिली. निळं स्केच काळं झालं. सर म्हणतात तसं ‘फुल्ली डिफाइन’ झालं.

पण खाच ४५ खोल आहे का? नाही. तळाचा म्हणून टाकलेला बिंदू तळाला नाहीच. डावी-उजवी बाजू सारखी नसल्यामुळे रेषा त्या बिंदूतून तिरकी जाते, आणि खरा तळ थोडा बाजूला आणि थोडा खाली असतो. म्हणजे कागदावर ४५ लिहिलंय, पण खाच जास्त खोल आहे. त्या बिंदूवरचं टँजंट हँडल उघडून त्याला आडवं बंधन घातलं, तरच ४५ म्हणजे ४५ होतात. हे हँडल पुष्कळांना दिसतच नाही, कारण स्प्लाइनवर क्लिक केल्याशिवाय ते वर येत नाही.

आता खोली ४५ ची ६० करा. तळ खाली गेला, ठीक. पण खाचेच्या दोन्ही काठांशेजारी रेषेने फुगवटे काढले, आणि जुवाच्या मध्याजवळ कोणी न सांगता तिचा आकार बदलला. नेमकी तिथे लाकडाची जाडी महत्त्वाची, कारण ओढीचा सगळा भार मध्यावर येतो.

हे फुगवटे अपघाताने येत नाहीत, त्यामागे गणित आहे. दिलेल्या बिंदूंतून जाणारा घन स्प्लाइन सांध्याशी झोक मोडत नाही आणि वक्रताही तुटू देत नाही. या अटी पाळायच्या तर एक बिंदू हलवला की शेजारच्या तुकड्याला हलावं लागतं, त्याच्या शेजाऱ्यालाही. बिंदू सारख्या अंतरावर असले तर हा धक्का दर टप्प्याला सुमारे पाव उरतो (नेमकं सांगायचं तर ०.२६८ पट) आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची दिशा उलटते. इकडे खड्डा पडला की शेजारी उंचवटा, त्याच्यापुढे बारीक खड्डा. वाढत्या बिंदूंनी रेषा सुधारेल या आशेने मुलं आणखी क्लिक करत जातात आणि लाटा वाढवून ठेवतात.

या गणिताच्या मुळाशी एक साधी पट्टी आहे. जहाजबांधणीत पूर्वी मोठ्या फरशीवर पूर्णाकृती रेखाटन करत. लवचीक लाकडी पट्टी जड वजनांनी ठिकठिकाणी दाबून ठेवायची आणि ती आपोआप जो आकार घेईल तो आखायचा. आपल्याकडे सुतार बांबूची कामटी वाकवून हेच करतो. पट्टी वाकताना कमीत कमी ऊर्जा लागेल असा आकार घेते, आणि वाक फार नसेल तर दोन वजनांमधला तिचा आकार जवळजवळ घन बहुपदीचा येतो. आयझॅक शॉनबर्ग यांनी १९४६ मध्ये या कल्पनेला गणिती रूप दिलं. पुढचा जोर मोटारींच्या कारखान्यांतून आला. फ्रान्समध्ये सिट्रोएनमधल्या पॉल द कॅस्टेल्जो यांनी १९५९ मध्ये नियंत्रण बिंदूंनी वक्र घडवण्याची रीत काढली. कंपनीने ती गुपित ठेवली, म्हणून नाव झालं ते रेनॉमधल्या पिएर बेझिए यांचं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कामातून कार्ल द बोअर यांनी बी-स्प्लाइनची आकडेमोड सुटसुटीत केली, आणि १९७५ मध्ये केन व्हर्सप्रिल यांच्या प्रबंधातून आज ज्याला नर्ब्स म्हणतात ते रूप आलं.

बंधनांचा इतिहास मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मते सगळी कटकट इथेच जन्मते. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ दाखवला. ही रेषा त्या रेषेला समांतर, या दोन रेषा सारख्या लांबीच्या, असं संगणकाला सांगायचं आणि त्याने ते जमवून द्यायचं. १९८८ च्या प्रो-इंजिनिअरने मापांवर चालणारं मॉडेल कारखान्यांत नेलं. केंब्रिजच्या डी-क्यूब्ड कंपनीने बंधनं सोडवणारं इंजिन, म्हणजे सॉल्व्हर, तयार केलं आणि ते कितीतरी सॉफ्टवेअरांच्या पोटात बसलं. आज ती कंपनी सीमेन्सकडे आहे. म्हणूनच स्केच रुसण्याची तऱ्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरात इतकी सारखी वाटते. ही सगळी भाषा रेषा आणि वर्तुळांसाठी घडली. वर्तुळाला केंद्र आणि त्रिज्या असते, दोन्ही मोजता येतात. स्प्लाइनला त्रिज्या नाही, कोन नाही, ‘उंची’सुद्धा नाही, नुसते बिंदू आहेत. मापाच्या भाषेत ज्याची ओळखच नाही त्याला मापांनी बांधायला बसायचं, असा हा उद्योग आहे.

‘फुल्ली डिफाइन’चा आग्रहही इथेच फसतो. स्केचमधला प्रत्येक सुटा बिंदू दोन दिशांना हलू शकतो. पाच बिंदूंच्या दहा मोकळिका मापांनी बंद केल्या की सॉफ्टवेअर खूश होतं. फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होतं, सॉलिडवर्क्समध्ये काळं. पण बिंदूंच्या मधली रेषा काय करते आहे हे कोणी तपासलेलंच नसतं. बांधली गेली ती गणिताने, आपण नाही. शेवटच्या टोकांना रेषा कोणत्या झोकाने सुटावी हेही बहुतेक वेळा सॉफ्टवेअरनेच परस्पर ठरवलेलं असतं. उलट एखाद्या चांगल्या वक्रातला एक बिंदू मुद्दाम सुटा ठेवला असेल, तर परीक्षकाला निळा रंग दिसतो आणि गुण कापले जातात. शाळकरी परीक्षेतल्या नीटनेटकेपणासारखाच हा हट्ट आहे, त्याला फार किंमत देऊ नये.

आजच्या सॉफ्टवेअरांत दोन घराणी दिसतात. एक, बिंदूंतून जाणारा स्प्लाइन. त्याचा फायदा असा की बिंदू खरे असतात. बैलाच्या मानेवर पट्टी ठेवून घेतलेली मापं थेट टाकता येतात. तोटे वर आलेच. दुसरं घराणं नियंत्रण बिंदूंचं. इथे रेषा मधल्या बिंदूंतून जात नाही, त्यांच्याकडे झुकते. घन बी-स्प्लाइनमध्ये एक बिंदू हलवला तर जास्तीत जास्त चार तुकडे बदलतात, बाकीची रेषा जागची हलत नाही. म्हणून पुरेसे बिंदू असतील तर मध्याजवळची जाडी शाबूत राहते. सॉलिडवर्क्सने यासाठी ‘स्टाइल स्प्लाइन’ आणला, फ्यूजनमध्ये ‘कंट्रोल पॉइंट स्प्लाइन’ तीन किंवा पाच घाताचा निवडता येतो, इन्व्हेन्टरमध्येही दोन्ही प्रकार आहेत. फ्रीकॅडच्या स्केचरमध्ये बी-स्प्लाइन २०१८ च्या ०.१७ आवृत्तीत आला तो याच घराण्याचा. बिंदूंतून जाणारा प्रकार तिथे बराच नंतर आला.

मला विचाराल तर शिकवताना दुसरं घराणं आधी शिकवावं. नियंत्रण बिंदूंना जोडणाऱ्या सांगाड्याच्या रेषा सरळ असतात. त्यांना लांबी देता येते, आडवं-उभं करता येतं, एकमेकींच्या बरोबरीत ठेवता येतं. म्हणजे स्प्लाइनला बांधायचंच नाही, त्याच्या सांगाड्याला बांधायचं. वक्राच्या टोकाचा झोक पहिल्या दोन बिंदूंच्या रेषेने ठरतो. ती रेषा शेजारच्या सरळ रेषेच्या ओळीत आणली की टँजंट आपोआप जमतो, वेगळं बंधन लागत नाही. तोटा एकच, पण मोठा: खाच ४५ खोल हवी असेल तर सांगाड्याचा बिंदू किती खाली न्यायचा हे पुन्हा चाचपडत बसावं लागतं.

वक्रता ही तिसरी डोकेदुखी. टँजंट जुळला म्हणजे जोड गुळगुळीत झाला असं डोळ्याला वाटतं, हाताला वाटत नाही. हे समजून घ्यायला उदगीरची रेल्वे बरी. सरळ रुळावरून गाडी एकदम गोलाईत शिरली तर दिशा तुटत नाही, पण डब्याला एकदम धक्का बसतो, कारण वक्रता शून्यावरून थेट एका आकड्यावर उडी मारते. म्हणून रेल्वे मध्ये संक्रमण वक्र घालते. भारतीय रेल्वेत त्यासाठी घन परवलय वापरण्याची रीत आहे. स्केचमध्ये याला ‘कर्व्हेचर’ किंवा ‘स्मूद’ बंधन म्हणतात. ऑटोकॅडमध्ये ते २०१० च्या आवृत्तीत आलं. बटण दाबणं सोपं, पण ते एका टोकाला लावलं की रेषा दुसऱ्या टोकाला वाकडी होते, आणि दोन्हीकडे लावलं की सॉल्व्हर कधी ‘ओव्हर-डिफाइन’ म्हणतो, कधी मुकाट्याने सगळा वक्र फिरवून ठेवतो. कोणत्या बंधनाचं कोणाशी भांडण आहे हे तो सरळ सांगत नाही. लाल यादी दाखवतो, त्यातलं नेमकं कोणतं काढायचं ते आपण शोधायचं.

मिररबद्दल मात्र उगाच भीती आहे. मधल्या रेषेला वक्र काटकोनात भेटला तर दोन्ही अर्ध्यांची वक्रता तिथे आपोआप सारखी येते. सममितीमुळे दुसरा पर्यायच नसतो. राहतो तो वक्रतेच्या आलेखात बारीक टोक येण्याचा प्रश्न, आणि तो जुवाच्या कामाला कधीच अडत नाही. चकचकीत मोटारीच्या बॉनेटला अडतो, कारण त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब मोडलेलं दिसतं.

ऑफसेटची भीती मात्र खरी. जुवाच्या खाचेवर सहा मिलिमीटर जाडीचं रबर बसवायचं असेल तर खाचेची रेषा सहा मिलिमीटर आत सरकवायची. वर्तुळाचा ऑफसेट वर्तुळच असतो. स्प्लाइनचा ऑफसेट साधारणपणे स्प्लाइन नसतोच. म्हणून सॉफ्टवेअर जवळपासचा वक्र बसवतं, त्यात ढीगभर बिंदू घालतं, आणि मूळ रेषा बदलली की कधी तो मागोमाग येतो, कधी लाल होऊन बसतो. खाचेचा वाक सहा मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा असेल तर ऑफसेट स्वतःलाच कापतो. हे आधी कळायला सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरात किमान त्रिज्या दाखवण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेवावी.

एवढं सगळं करून फाइल कापायला न्यायची. सीएनसी कटिंगवाला डीएक्सएफ मागतो, आणि जुनं मशीन असलं तर ‘आर-१२ मध्ये द्या’ म्हणतो. डीएक्सएफमध्ये स्प्लाइन नावाची वस्तू आली ती ऑटोकॅडच्या आर-१३ पासून, १९९४ मध्ये. आर-१२ ला ती ओळखूच येत नाही. मग आपला कष्टाने बांधलेला वक्र शेकडो बारीक सरळ तुकड्यांत मोडून जातो. नव्या फाइलनेही फार फरक पडत नाही. साध्या मशीनला मुळात सरळ रेषा आणि वर्तुळाचा कंस एवढंच चालता येतं: जी-०१, जी-०२, जी-०३. स्प्लाइनवर थेट चालणारे कंट्रोलर महाग मशीनवर असतात. तुकडे फार बारीक झाले तर मशीन अडखळत चालतं आणि धारेवर दातरे उमटतात.

मग प्रश्न पडतो की हा स्प्लाइन हवाच होता का? जुवाच्या खाचेला बहुतेक वेळा नको असतो. एकमेकांना टँजंट असलेले तीन कंस आणि मध्ये एखादी सरळ रेषा यात खाच बसते. खोली ४५ म्हणजे ४५ राहते, ६० केली तर शेजारी फुगवटे येत नाहीत, ऑफसेट बिनचूक होतो आणि मशीनला फाइल जशीच्या तशी कळते. कंसांच्या जोडावर वक्रता तुटते हे खरं, पण वर गादी येणार असते आणि लाकडाचा तो जोड पॉलिश पेपरने मोडतो. याहून मऊ रेषा हवीच असेल तर शांकव वापरावा. दोन टोकं, दोन स्पर्शिका आणि एक आकडा एवढ्यात तो पुरा बांधला जातो आणि मध्येच लाट काढत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रॉय लायमिंग यांनी मस्टँग विमानाचं अंग शांकवांनी मांडलं होतं, ते याच कारणाने: आकडे दिले की कुठल्याही कारखान्यात तीच रेषा यायला हवी.

शेतीच्या अवजारांत हा विचार आणखी जुना आहे. थॉमस जेफरसन यांनी १७९८ मध्ये नांगराचा माती उलथवणारा भाग सरळ रेषांच्या सरकत्या ओळीतून घडवायची रीत लिहिली. पृष्ठभाग पिळलेला, पण करवतीने कोणत्याही सुताराला काढता येईल असा. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवत होते. पुढे बेळगावला त्यांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली. रेखाटनाच्या मास्तराने नांगर केला, ही गोष्ट मला या विषयात नेहमी महत्त्वाची वाटते. ओतकामात नांगराचा आकार लाकडी पॅटर्नमध्ये राहतो. कागदावर वाकड्या भागाची चार-दोन छेदांची मापं असतात आणि मधलं सगळं पॅटर्न करणाऱ्या माणसावर सोपवलेलं असतं. जहाजाच्या नकाशावरही कोष्टकात ठरावीक अंतरांवरची मापं असत आणि फरशीवरची पट्टी मधली रेषा ठरवी. मापं एकाकडे, रेषा दुसऱ्याकडे अशी ही वाटणी होती. सीएडीने ती मोडली आणि दोन्ही कामं स्केचच्या एका चौकटीत आणून ठेवली. सुताराकडचं शहाणपण त्यात आलं नाही.

हीच रेषा बंधनांशिवाय रोज हाताळणारी एक जमात आपल्यातच आहे: अक्षरं घडवणारे. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी ‘मंगल’ केला, मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ केले. या फॉन्टमधली प्रत्येक गोलाई बेझिए वक्रांची असते. त्यांच्या कामाचा शिरस्ता ठरलेला आहे: बिंदू शक्य तितके कमी, आणि ते गोलाईच्या अगदी वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकाला, हँडल आडवं किंवा उभं. म्हणजे जुवाच्या तळाला जे आडवं हँडल आपण शोधून लावलं, ते त्यांच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. इंजिनिअरिंगच्या वर्गात मात्र स्प्लाइनला एखादा तास मिळतो, तोही ‘फ्री-फॉर्मसाठी वापरा’ एवढं सांगण्यात संपतो.

सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे मागण्या फार नाहीत. वक्राच्या खऱ्या तळाला थेट माप देता यावं, मग तिथे बिंदू असो वा नसो. हे आजही बहुतेक ठिकाणी एखादी आडवी रेषा टँजंट करून आडवाटेने करावं लागतं. वक्राची लांबी बांधता यावी. काही सॉफ्टवेअरांत ती सोय आहे, सगळीकडे नाही, आणि रबराची पट्टी कापणाऱ्याला नेमका तोच आकडा लागतो. माप वाढवलं की बाकीचे बिंदू जागच्या जागी खिळून न राहता सगळा वक्र प्रमाणात वाढावा, असं सांगायची सोय असावी. सॉल्व्हरने काही हलवलं तर काय आणि किती हलवलं ते दाखवावं. आणि बिंदूंतून जाणारा स्प्लाइन काढताना किती बिंदू गरजेपेक्षा जास्त आहेत हे आपण होऊन सुचवावं. आज ‘सिम्प्लिफाय’ आपण मागितल्यावर मिळतं.

यातलं बरंचसं आलं तरी एक अडचण राहील. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची म्हणजे बहुधा स्टेप फाइल, आणि तीतून वक्र जातो, त्याचे नियंत्रण बिंदू जातात, तुकड्यांच्या जोडांच्या गाठी जातात, पण आपण घातलेली बंधनं व्यवहारात जात नाहीत. खाच ४५ का आहे, तळाचं हँडल आडवं का आहे, मध्याची जाडी कशाशी बांधली आहे, हे सगळं पहिल्याच सॉफ्टवेअरमध्ये राहतं. कॉलेजातल्या लायसन्सवर केलेलं जू घरी येऊन फ्रीकॅडमध्ये उघडलं की स्केच आणि त्यांची बंधनं गायब होतात आणि समोर एक मुका ठोकळा येतो, ज्याची खोली बदलायची तर खाच पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते.